मोकळी बाजू

गावात म्हणतात, पायगोंडा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस.
राजारामपुरीच्या दवाखान्यात
डॉक्टर मुजावरबाईंनी फिल्म उजेडावर धरली
आणि मला हसू फुटलं.
नाकच आतून डावीकडं वळलेलं,
आमच्या वडणग्याच्या पांदीसारखं.
मग हा इतकी वर्षं चालला कशाच्या समोरून?

"कधी मार लागला होता?"
तो म्हणाला, नाही.
मी म्हणाले, लागला होता.
सोळाव्या वर्षी इंजिनाचं हँडल उलटं फिरून
तोंडावर बसलं.
सासूबाईंनी हळद दाबली, रक्त थांबलं,
आतलं कुणी विचारलं नाही.

बाई कागदावर रेघा काढत होत्या:
हा मधला पडदा, पुढं कूर्चा, मागं हाड.
तो कलला, म्हणून डावी वाट बंद.
पण मी अडकले उजवीकडं.
तिथं तर ऐसपैस जागा होती,
आणि आतल्या मांसाच्या घड्या फुगून
ती सगळी भरून बसल्या होत्या.
"असंच होतं," बाई म्हणाल्या,
"जिकडं रिकामं, तिकडं शरीर भरत जातं.
आणि ती थेंबांची बाटली आधी फेका.
सूज उतरते अन् दुप्पट चढते."
बाटली त्याच्या खिशातच होती.

दवाखान्यात एक गोष्ट मी सांगितली नाही.

काहिलीत पाक उकळतो
तेव्हा गुळव्याला डोळ्यांनी कळतं,
पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी होते त्यावरून कळतं,
पण त्याच्याही आधी, श्वासभर आधी,
वास बदलतो.
ओल्या चिपाडाचा जातो,
भाजल्या शेंगेसारखं काहीतरी येतं.
तेवढ्यात उतरली तर रवा सोन्यासारखा.
नाहीतर अडत्या नुसता नखानं खरवडतो
आणि दुसऱ्याशी बोलायला लागतो.

दोन हंगाम तो वास त्याला आला नाही.
दोन हंगाम मी चुलवाणाशी
काम नसताना उभी.
तो मान वर करायचा,
मी पदर खोचायची,
काहील उतरायची.
जळव्या भैरूला वाटायचं, वहिनींना धग सोसत नाही.
आम्ही दोघं यावर कधी बोललो नाही.
घरीसुद्धा.

भादव्यात ऑपरेशन झालं.
पडदा सरळ केला, वाकडा तुकडा काढला,
उजवीकडचं मांस बारीक केलं.
रुकडीची नणंद बघायला आली, तोंड निरखलं,
म्हणाली, "नाक तर तसंच आहे, मग केलं काय?"
दोन दिवस बोळे, तोंडानं श्वास, ओठांना भेगा.
बोळे ओढले तेव्हा डोळ्यांतून पाणी
आणि अर्धी शिवी. बाईंसमोर अर्धीच.
आठवडाभर आत पट्ट्या.
शिंक आली तर तोंड उघडून.
मिठाचं कोमट पाणी रोज, खपल्या सुटेपर्यंत.

घोरणं गेलं.
मला झोप येईना.
रात्री दोनदा उठून त्याच्या नाकाखाली बोट धरलं.
दोन्हीकडून वारा.
डावीकडून जरा जास्तच,
नवीन वाट म्हणून असेल.

दिवाळीनंतर पहिलं आदण.
मी माझ्या जागेवर होते.
पाक चढला, फेस बसला,
माझा हात पदराकडं निघाला,
तोवर तो ओरडला, "उतरवा!"
मान वर न करता.

बरोबर होतं.
श्वासभरही उशीर नाही.
मी तिथंच उभी, हात मध्येच.
भैरू म्हणाला, "वहिनी, बाजूला व्हा, भाजेल."

बारीक केलेलं दुखत नाही म्हणतात.
थोडं दुखतं.

घरी येताना म्हणाला,
"तुझ्या लुगड्याला धूर लागलाय."
म्हटलं, दोन वर्षं झाली.

आता सकाळी चुलीवर दोन भांडी:
एकात चहा, एकात त्याचं पाणी.
आज गडबडीत मीठ चहात पडलं.
घोट घेऊन थांबला, कप नाकाशी नेला.
"वास तर," म्हणाला, "चहाचाच येतोय."